दोन सरपंच

आमच्या घरात शिट्टी वाजवायला बंदी होती. शिट्टीनं साप येतो, असं आक्काचं म्हणणं, आणि आक्काचं म्हणणं म्हणजे आमच्या घरातला कायदा. आक्का ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराचा सगळा कारभार तिनं न मागता हातात घेतला. भाकरीचा पापुद्रा केवढा सुटावा, मांजरानं उंबऱ्याच्या आत यावं की बाहेर बसावं, पाव्हण्याला चहा पाण्याआधी की पाण्यानंतर, सगळ्याचा निकाल तीच द्यायची. आईनं कधी हुज्जत घातली नाही. आई कानडी मुलखातली. फारच राग आला तर ती चुलीकडं तोंड करून कानडीत पुटपुटायची, आणि आम्हां पोरांवर यायचं झालं तर "सुम्न कुंड्रु!" म्हणजे गप बैस, एवढं एक वाक्य फेकायची. ते आक्कालाही कळायचं, पण आपल्याला नाही असं समजून ती पुढं जायची.

लोहाऱ्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात अण्णांची पिठाची गिरणी. पुढं गिरणी, मागं घर. डिझेल इंजिनाच्या धुराड्यावर अण्णांनी एक डबडं बसवलं होतं. गिरणी चालू झाली की त्यातून पुक् पुक् असा आवाज निघायचा आणि पार शिवाराच्या टोकापर्यंत जायचा. तो ऐकून बायका डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा एक हात फिरलेला असायचा. अण्णांच्या भुवया तर कायमच्या पांढऱ्या. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचे वडील संध्याकाळी आंघोळ करून तरुण होत असतील. ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर करडईच्या तेलाची धार, हे आमचं रोजचं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, मात्र सगळं घर शेतात, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. इतकं खाऊनही आक्का म्हणायची, "पोरगी वाळली." पोरगी वाळली नव्हती, पोरगी दिवसभर कबड्डी खेळत होती.

शाळेत मी चांगली खेळायचे. डाव्या कोपऱ्यात उभी राहून पोरींचे घोटे धरायचे. पण एका सामन्यात एक पोरगी माझ्या गुडघ्यावर पडली आणि माझा खेळ तिथंच संपला. मी आठवडाभर रडले. मग आमचे खेळाचे शिक्षक देशमाने सर घरी आले, अण्णांच्या समोर बसले आणि मला म्हणाले, "गुडघा गेला म्हणून काय झालं? डोळे शाबूत आहेत ना? पंच हो." जिल्ह्याच्या गावाला, तेव्हाच्या उस्मानाबादला, पंचांची परीक्षा व्हायची. मी बसले आणि पास झाले. अण्णा आधी कबूल होईनात. शेवटी सरांनी त्यांना पटवलं की खेळणारी पोरगी आत असते, पंच रेषेच्या बाहेर असतो, त्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही. हे अण्णांना फार आवडलं. त्यांनी तीन अटी घातल्या. सामने पोरींचेच, सोबत सरच, आणि दिवेलागणीच्या आत घरी.

राहिली शिट्टी. घरात वाजवायची नाही, शेतात वाजवली तर राखणदार काठी घेऊन धावत येतात. म्हणून मी गिरणी चालू असताना आत पोत्यांच्या आड बसून सराव करायचे. पहिल्या दिवशी मी चार-पाच वेळा जोरात फुंकली आणि अण्णा तेलाचा डबा घेऊन इंजिनाच्या पट्ट्याखाली शिरले. दुसऱ्या दिवशीही शिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टाच बदलायला काढला, तेव्हा मला बाहेर येऊन सांगावं लागलं. त्यांनी काढलेला पट्टा परत चढवला. मग म्हणाले, "आवाज चांगलाय. पट्ट्याचाच वाटला."

आता पुढचं कळायला एक गोष्ट सांगायला हवी. कबड्डीच्या मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच असतात. त्या दोघांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर फैसला करायला तिसरा माणूस असतो, आणि त्याचा शब्द शेवटचा. त्या तिसऱ्या माणसाला आमच्या खेळात म्हणतात 'सरपंच'. हा शब्द कुणी निवडला मला ठाऊक नाही, पण ज्यानं निवडला तो खेड्यात राहत नसावा.

कारलेवाडीच्या जत्रेत कबड्डीचे सामने होते. सकाळी पोरींचे, दुपारनंतर गड्यांचे. पोरींच्या सामन्यांना मी पंच होते. गड्यांच्या सामन्यांना सर स्वतः सरपंच होते आणि मी टेबलावर बसून गुण लिहीत होते. हे अटींत बसतं का, यावर मी फार विचार केला नाही. उपांत्य सामना आटोपला, आणि सर मैदान ओलांडून चहाला निघाले तर त्यांचा पाय मांडवाच्या खांबासाठी खणलेल्या आणि तसाच राहून गेलेल्या खड्ड्यात गेला. घोटा बघता बघता दुध्या भोपळ्याएवढा झाला. त्यांना खुर्चीत बसवून पाय बादलीत सोडला. अंतिम सामना कारलेवाडी आणि तेर यांच्यात. दोन पंचांपैकी एक कारलेवाडीच्या शाळेतले गुरुजी, दुसरे तेरकडचे. यातला एक सरपंच केला तर दुसऱ्या गावानं तिथंच बिस्तरा गुंडाळला असता.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "तू दोन्ही गावांची नाहीस," ते म्हणाले. "हो उभी."

"सर, गड्यांचा सामना आहे."

"नियम वेगळे आहेत का?"

"न्हाईत."

"मग?"

मी उभी राहिले. अंगात पांढरा पंजाबी ड्रेस, गळ्यात शिट्टी. माइकवर गावचा एक टेलर होता. त्याचा आवाज भारदस्त आणि अक्कल हौशी. त्यानं पुकारलं, "आता अंतिम सामन्याच्या सरपंच म्हणून कुमारी शकुंतला या काम पाहतील!" आणि मैदानातल्या माना उंचावल्या. पहिल्या रांगेत कुणाच्या तरी लग्नातला लाल सोफा आणून ठेवला होता. त्यावर बसलेले, पिवळा फेटा बांधलेले एक गृहस्थ हळूहळू माझ्याकडं वळले. ते गणपतराव, कारलेवाडीचे खरेखुरे सरपंच. विजेत्यांचा तांब्याचा हंडा त्यांनीच दिला होता, आणि कारलेवाडीचा कर्णधार दादाराव त्यांचा पुतण्या.

"कोण सरपंच म्हणला?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"ती पोरगी."

"कवापासनं?"

शेजारच्यानं काय समजावलं कोण जाणे, पण त्यांची मान काही हलली नाही.

सामन्याआधी खेळाडूंची नखं आणि अंगाचं तेल तपासायचं असतं. नखं वाढलेली नकोत, आणि अंगाला तेल नको, नाहीतर पकडीतून माणूस माशासारखा सुटतो. मी रांगेपुढं गेले आणि म्हणाले, "हात पुढं करा." मिशा पिळलेले, दंड फुगवलेले ते गडी, पण माझ्या त्या वाक्याचा सूर बहुधा त्यांच्या शाळेतल्या बाईंसारखा निघाला. दोघांनी चक्क हात मागं लपवले. दादारावची नखं वाढलेली होती. मी नखकटर पुढं केला तर तो कानापर्यंत लाल झाला आणि पाठ फिरवून नखं कापू लागला. मागून गणपतरावांचा आवाज आला, "दादा, आंगठ्याचं राहिलं बघ!" दादाराव तिथूनच म्हणाला, "व्हय काका."

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. हा पोरगा काकांच्या घरी वाढलेला, आणि काकांनी हाक मारली की त्याच्या तोंडून "व्हय काका" आपोआप निघायचं, जसं कुणी चिमटा काढला की आपण आई गं म्हणतो.

सामना मात्र फार सुंदर झाला. तेरची पोरं चपळ, कारलेवाडीची ताकदीची. धूळ, घाम, लोकांचा गलका, पलीकडं पाळण्याचा कर्रकर्र आवाज आणि भजी तळल्याचा वास. रेषा, पाय, हात आणि दम, याशिवाय मला काही दिसत नव्हतं. मी दोनदा कारलेवाडीच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा गणपतराव शेजारच्याला म्हणाले, "पोरगी हुशार हाय." एकदा तेरच्या बाजूनं दिला तेव्हा म्हणाले, "ल्हान हाय अजून."

शेवटची चढाई आली तेव्हा कारलेवाडी एका गुणानं मागं होती. चढाईला दादाराव. कबड्डीचा मूळ नियम सगळ्यांना माहीत असतो: समोरच्यांच्या अंगणात शिरल्यापासून परत येईपर्यंत एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. मध्ये दम तुटला, दुसरा शब्द निघाला, की बाद. दादाराव वाघासारखा शिरला. कबड्डी कबड्डी कबड्डी. उजवीकडं झेप, डावीकडं हुलकावणी. तेरचे सातही जण मागं सरकले. लोक उभे राहिले. आणि गणपतरावांना राहवलं नाही. सोफ्यावर चढून ते पुतण्याला ओरडले, "दादा! कोपरा धर, कोपरा!"

दादाराव म्हणाला, "कबड्डी कबड्डी व्हय काका कबड्डी कबड्डी."

तेरच्या पोरांना काय झालं हे कळायच्या आत त्यानं कोपऱ्यातल्या दोघांना हात लावला आणि मध्यरेषा ओलांडून परत आला. वेळ संपली. कारलेवाडीनं जल्लोष केला, हलगी सुरू झाली, कुणीतरी दादारावला खांद्यावर घेतलं. तेरची पोरं ओरडत पंचांकडं धावली. तेरकडच्या पंचांनी हात वर केला, दम तुटला, बाद. कारलेवाडीच्या गुरुजींकडं मी बघितलं. ते आभाळाकडं बघत होते.

"गुरुजी, तुम्हांला काय ऐकू आलं?"

"हलगी," गुरुजी म्हणाले.

"हलगी नंतर वाजली."

"मग वारं आसंल." त्यांनी माझ्याकडं असं काकुळतीनं बघितलं की मला त्यांची दया आली. त्यांना त्या गावात अजून बरीच वर्षं नोकरी करायची होती.

दोन पंचांचं जमलं नाही. म्हणजे फैसला माझा. मी शिट्टी वाजवली, खरंच पट्ट्यासारखी, आणि हात दाखवून सांगितलं, "चढाई बाद. गुण तेरला."

हलगी थांबली. टेलरला आता आपण काहीतरी बोललं पाहिजे असं वाटलं. त्यानं माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "मंडळी, शांत राहा! सरपंचांचा निर्णय अंतिम राहील!"

गणपतराव उठले. फेटा सारखा केला. फक्कीनं आखलेली पांढरी रेषा ओलांडून सरळ मैदानाच्या मध्यात आले, हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरपंचाचा निर्णय आसा हाय की दादा बाद न्हाय."

मला आजही ते दृश्य दिसतं. हल्ली टीव्हीवर कबड्डीचे सामने लागतात, शंका आली की मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवतात, नातवंडं मला विचारतात, आजी, आता काय देतील? मी बरोबर सांगते. पण पंचवीस कॅमेरे लावले तरी त्या दिवशी उपयोग झाला नसता. दादा काय म्हणाला हे सगळ्या जत्रेनं ऐकलं होतं. प्रश्न तो नव्हताच.

"काका," मी म्हणाले, "या मैदानाची सरपंच मी आहे."

"बाळ, या मैदानाचा सातबारा गावठाणात हाय. आन गावाचा सरपंच म्या हाय."

"तो 'व्हय काका' म्हणाला. दम तुटला."

"मोठ्या मान्सानं हाक मारली तर ओ द्यायची न्हाय व्हय? ह्ये कुठलं शिक्षण? तुझ्या घरी बापानं हाक मारली तर तू कबड्डी कबड्डी करतीस का?"

लोक हसले. कारलेवाडीचे गडी भोवती जमू लागले होते. खुर्चीतून सर उठायची धडपड करत होते आणि बादली सांडली होती. मला एकच सुचलं. मी गणपतरावांच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही रेषेच्या आत आलात. शेवटची शिट्टी व्हायच्या आत बाहेरचा माणूस आत आला तर त्या संघाला ताकीद असते. बाहेर व्हा. नाहीतर आणखी एक गुण तेरला द्यावा लागेल."

"द्यावा लागंल?"

"दिला." मी हात दाखवला.

"आगं, पण म्या तर..."

मी पुन्हा हात वर करायला घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "सरपंच, गप बसा, हंड्यासंगं गाव बी जाईल!" आणि हशा उसळला. गणपतराव एक पाऊल मागं सरकले. रेषेच्या नक्की बाहेर आहोत का, हे त्यांनी खाली वाकून बघितलं. तिथून त्यांनी आपला शेवटचा साक्षीदार बोलावला.

"दादा! हिकडं ये. खरं सांग, तू बोललास का?"

दादाराव खांद्यावरून उतरला. मान खाली. आता सगळं मैदान त्याच्या तोंडाकडं बघत होतं. तो 'न्हाय' म्हणाला असता तर गुरुजींचा वारा आणि त्याचा नकार यांच्यापुढं माझं काय चाललं असतं, मला माहीत नाही.

"बोललो काका," तो म्हणाला. "तुमी हाक मारली."

"मग हाक मारली तर लगेच बोलायचं? डाव चाललाय हे कळत न्हाय? इथनं पुढं डावात कुणाला बी ओ द्यायची न्हाय, कळलं?"

"व्हय काका."

त्यानंतर जे हसणं उसळलं त्यात कारलेवाडी कोणती आणि तेर कोणतं हे राहिलंच नाही. गणपतरावांनी खूप वेळ चेहरा कठोर ठेवला. मग त्यांचाही फेटा हलायला लागला. हंडा त्यांच्याच हातून तेरच्या कर्णधाराला दिला गेला.

दिवेलागणीच्या आत मी घरी पोचले, पण बातमी आधी पोचली होती. वडापच्या जीपवाल्यानं गिरणीत सांगितलं होतं की तुमच्या पोरीनं कारलेवाडीच्या सरपंचाला मैदानाबाहेर काढलं. अण्णा गिरणी बंद करून अंगणात बसले होते. त्यांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. "बास," एवढंच म्हणाले. "गड्यांचा सामना, आन भर जत्रंत भांडान. आता बास." आक्का म्हणाली, "म्या म्हणत हुते, शिट्टीनं साप येतो." शिट्टी मी फडताळात पिठाच्या डब्यामागं ठेवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दारात जीप थांबली आणि पिवळा फेटा उतरला. अण्णांच्या हातातला डबा खाली पडला. आईनं मला आत ओढलं. आम्ही तिघी दाराच्या फटीला डोळे लावून उभ्या. पाणी आधी दिलं की चहा आधी, हे आक्काही विसरली.

गणपतराव बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "पुढच्या जत्रंला तुमची पोरगीच पायजे. तेच सांगायला आलोय."

अण्णांना काही कळेना. "आवो, झालं ते झालं. ती ल्हान हाय. आमी तिला बंद केलंय."

"आसं करू नगा!" गणपतराव घाबरून पुढं सरकले. "आता गावात म्हणत्यात, सरपंचाला एका बाईनं गप केलं. एका बाईनं केलं तर चाललं, ती बाई परीक्षा पास हाय. पण पुढच्या साली दुसरा कुणी आला आन त्यानं बी गप केलं, तर मग रीतच पडंल हो! मंग म्या सरपंच कसला? ही आली तर लोक म्हणतील, हिच्याम्होरं कुणाचंच चालत न्हाय, आपल्या सरपंचाचं काय घेऊन बसलात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन खरं सांगू का? तिनं बरूबर दिलं. दादा बोलला हुता."

अण्णांनी भुवयांवरचं पीठ बोटानं झटकलं. "पाठवतो," ते म्हणाले. "पर जीप तुमची. आन दिवं लागायच्या आत घरी."

जीप गेली. अण्णा गिरणी चालू करायला पुढं गेले. आक्का जराशानं परसात आली आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "खरंच 'व्हय काका' म्हणला?" मी हो म्हणाले. "मधीच? कबड्डी कबड्डीच्या मधी?" मग ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. आक्काला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. डोळे पुसून तिनं हुकूम सोडला, "करून दाव." माझा गुडघा दुखरा. म्हणून आक्कानं पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेषा ओढली आणि आईकडं बोट केलं. "तू जा. त्या तुळशीला शिवून परत ये. दम सोडू नगस." आई आधी लाजली, कानडीत काहीतरी म्हणाली, मग तिनं पदर खोचला आणि निघाली. कबड्डी कबड्डी कबड्डी. आक्का आडवी उभी, दोन्ही हात पसरून, कोंबड्या सैरावैरा.

तेवढ्यात पुढून अण्णांची हाक आली, "आगं ए, ऐकलीस का? पोत्याचं तोंड धराय ये!"

अण्णांच्या हाकेला आईनं ओ दिली नाही, असं त्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. न्हाणीत असली तरी ती तिथून ओ द्यायची. आक्का थबकली. मीही थबकले. आईचे पाय क्षणभर अडखळले, मान गिरणीकडं वळली, गळ्याची शीर ताठ झाली, चेहरा लालबुंद.

"ऐकू येत न्हाय व्हय?" अण्णा पुन्हा ओरडले.

"कबड्डी कबड्डी कबड्डी," आई म्हणाली, आक्काच्या हाताखालून वाकून निसटली, तुळशीला हात लावला आणि धापा टाकत माघारी रेषेवर आली. अण्णा दारात येऊन उभे होते, तोंड उघडं, पांढऱ्या भुवया कपाळात गेलेल्या. आईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती, आक्काही माझ्याकडं, आणि मग अण्णाही.

मी हात वर केला आणि गुण आईला दिला.